साहेब ‘हॅड’ खोडतात, बाई ‘हॅड’ घालतात

पत्राचा गोषवारा: या ताई नाशिकच्या सिडकोत राहतात आणि तिथल्याच अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. शाळा मराठी माध्यमाची, पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा. कंपनीचा माल परदेशात जातो. कस्टमरची कम्प्लेंट आली की नेमकं काय घडलं ते इंग्रजीत लिहून पाठवायचं काम यांच्याकडे असतं. नवे साहेब आल्यापासून रिपोर्टमधला प्रत्येक ‘हॅड’ खोडून कागद परत येतो, वर शेरा: ‘सिंपल पास्ट वापरा’. घरी नेमकं उलटं. सातवीतल्या मुलीने वहीत ‘आफ्टर शी फिनिश्ड हर होमवर्क, शी वेंट आउट टू प्ले’ असं लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने ‘फिनिश्ड’च्या आधी ‘हॅड’ घातला. ताई विचारतात, दोघांपैकी बरोबर कोण? मुलीला काय सांगू? आणि माझा पायाच कच्चा असेल तर कॉलेज रोडला इंग्रजीचा क्लास लावू का?

ताई,

वहीचा निकाल आधी लावून टाकते, कारण तो सोपा आहे. मुलीचं वाक्य बरोबर होतं आणि बाईंनी केलेलं वाक्यही बरोबर आहे. अभ्यास आधी, खेळ नंतर हे ‘आफ्टर’ने सांगून टाकलंय. ‘हॅड’ घातला तर अभ्यास पुरता आटोपला यावर थोडा जोर येतो, नाही घातला तर वाक्य जरा हलकं होतं. फरक एवढाच. म्हणजे चूक नव्हती तिथे लाल शाई पडली, पण त्यासाठी शाळेत जाऊन वाद घालू नका. कंसात क्रियापद देऊन रिकामी जागा भरा, अशा प्रश्नात ‘आफ्टर’ दिसलं की ‘हॅड’ लिहिलेला चालतो आणि मार्क जात नाहीत. मुलीला परीक्षेपुरतं तेवढं सांगा, आणि तुझं वाक्यही चुकलेलं नव्हतं हे जरूर सांगा. सातवीत ते ऐकणं गरजेचं असतं.

साहेबांचं प्रकरण एवढ्यावर सुटणारं नाही, कारण तुमच्या रिपोर्टमध्ये ‘हॅड’ने अर्थ बदलतो, आणि अर्थ बदलला की दोष कुणाचा तेही बदलतं. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यातून पार्ट नंबर वगैरे गाळून तो इथे देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल:

‘द ऑपरेटर हॅड स्टार्टेड द मशीन ॲट सेव्हन. ही हॅड चेक्ड द फर्स्ट पीस. आफ्टर ही हॅड चेक्ड इट, ही हॅड फाउंड द बोअर ओव्हरसाइज. व्हेन ही हॅड कॉल्ड द इन्स्पेक्टर, द इन्स्पेक्टर हॅड गॉन टू द स्टोअर.’

(बोअर ओव्हरसाइज म्हणजे पार्टचं भोक मापापेक्षा मोठं.) चार वाक्यांत सहा ‘हॅड’, आणि साहेबांनी सहाही उडवले. त्यांच्या हातून बाहेर पडलेलं शेवटचं वाक्य असं झालं: ‘व्हेन ही कॉल्ड द इन्स्पेक्टर, द इन्स्पेक्टर वेंट टू द स्टोअर.’ आता हे कस्टमरच्या नजरेने वाचा. ऑपरेटरने हाक मारली आणि इन्स्पेक्टर साहेब उठून स्टोअरला चालते झाले! घडलं होतं ते वेगळंच. हाक मारली तेव्हा तो जागेवर नव्हता, आधीच स्टोअरला गेलेला होता. एक शब्द गेला आणि जागेवर नसलेला माणूस कामचुकार ठरला.

म्हणजे पहिल्या पाच ठिकाणी साहेब बरोबर होते आणि सहाव्या ठिकाणी तुम्ही. हा उतारा मी असा लिहीन: ‘द ऑपरेटर स्टार्टेड द मशीन ॲट सेव्हन, चेक्ड द फर्स्ट पीस ॲण्ड फाउंड द बोअर ओव्हरसाइज. व्हेन ही कॉल्ड द इन्स्पेक्टर, द इन्स्पेक्टर हॅड गॉन टू द स्टोअर.’ पहिल्या वाक्यातल्या गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्यात, त्यामुळे तिथे वेगळी खूण लागत नाही. दुसऱ्या वाक्यात क्रम उलटतो, मागे जाऊन काहीतरी सांगायचं असतं, आणि तिथे एकटा ‘हॅड’ पुरतो.

आता तुमचा पाया कच्चा आहे का, हा प्रश्न. माझ्या मते अडचण पायाची नाहीच. तुम्ही शाळेतला नियम फार इमानदारीने पाळलात, तिथे घोटाळा झाला. भूतकाळात दोन गोष्टी घडल्या तर आधीच्या गोष्टीला ‘हॅड’, असा तो नियम. पण रिपोर्टमधली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधीच घडलेली असते. मशीन सुरू झालं ते तपासणीच्या आधी, तपासणी झाली ती हाक मारायच्या आधी. नियम तंतोतंत लावला तर शेवटची गोष्ट सोडून सगळ्यांच्या कपाळी ‘हॅड’ येणार, आणि तुमच्या उताऱ्यात तेच झालंय.

शिवाय हा नियम मुळातच अर्धा आहे. ठक्कर बाजारच्या स्टँडवर तुम्ही चहा घेताय आणि बस सुटली. इंग्रजीत म्हणतात, ‘द बस लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड माय टी.’ आधी काय घडलं? बस सुटली. चहा नंतर संपला, किंवा तसाच ग्लासात राहिला. तरी ‘हॅड’ बसलाय चहाच्या बाजूला! शाळेच्या नियमाने हे वाक्य चूक ठरायला हवं, पण ते शुद्ध इंग्रजी आहे. बस सुटली त्या क्षणी चहा संपलेला नव्हता, ही त्या क्षणाची अवस्था तो ‘हॅड’ सांगतो.

हे कोडं मला सगळ्यात नीट उलगडलं ते हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञामुळे. व्याकरणाचा मास्तर नव्हता तो, तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान हा त्याचा प्रांत. १९४७ साली त्याने मांडलं की काळ समजायला दोन वेळा पुरत नाहीत, तीन लागतात. आपण बोलतोय ती वेळ, गोष्ट घडली ती वेळ, आणि जिथे उभं राहून आपण त्या गोष्टीकडे बघतोय ती वेळ. साध्या भूतकाळात दुसरी आणि तिसरी वेळ एकच असते. पास्ट परफेक्टमध्ये, म्हणजे आपल्या ‘हॅड’वाल्या काळात, त्या वेगळ्या होतात: आपण भूतकाळातल्या एका क्षणी उभे असतो आणि गोष्ट त्याच्याही मागे घडून गेलेली असते.

मुंबईला अपडाउन करणाऱ्या कुणालाही हे दोन वाक्यांत कळेल. ‘व्हेन वी रीच्ड नाशिकरोड, द पंचवटी लेफ्ट.’ तुम्ही जिना उतरताय आणि डोळ्यांदेखत गाडी हलली. ‘व्हेन वी रीच्ड नाशिकरोड, द पंचवटी हॅड लेफ्ट.’ प्लॅटफॉर्म रिकामा, गाडी कधीचीच गेलेली. दोन्ही वेळा तुमची पंचवटी चुकलीच, पण दुसऱ्या वाक्यात तुम्ही गाडी पाहिलीच नाही. त्यामुळे लिहिताना आधी काय घडलं हे विचारू नका. वाचणारा या क्षणी कुठे उभा आहे आणि त्याला इथून मागे बघायचंय का, ते विचारा. मागे बघायचं असेल आणि वाक्यातला दुसरा कुठला शब्द ते सांगत नसेल, तर ‘हॅड’.

‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ हे शब्द क्रम स्वतःच सांगतात, तिथे ‘हॅड’ ऐच्छिक आहे. साहेबांनी खोडला तर खोडू दे. ‘बिकॉज’मध्ये बहुतेकदा कारण आधीचंच असतं, म्हणून ‘आय वॉज लेट बिकॉज आय मिस्ड द बस’ अगदी चालतं. पण ‘द फ्लोअर वॉज वेट बिकॉज द पाइप हॅड लीक्ड’ यात फरशी ओली दिसतेय तो एक क्षण आणि गळती त्याच्या मागची, तिथे ‘हॅड’ शोभतो. ‘बाय द टाइम’ आलं की जोडीच्या वाक्यात ‘हॅड’ सोडू नका: ‘बाय द टाइम द इन्स्पेक्टर केम बॅक, द लॉट हॅड लेफ्ट द गेट.’ आणि ‘व्हेन’ हा सगळ्यात लबाड शब्द. त्याला क्रमाशी देणंघेणं नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एकीमागून एक घडल्या किंवा एक आधीच घडून गेली होती, तिन्ही ठिकाणी तो हजर. म्हणून रिपोर्टमध्ये ‘व्हेन’ दिसला की थांबा.

तुमच्याच दुसऱ्या एका रिपोर्टमधलं वाक्य बघा: ‘व्हेन द कम्प्लेंट केम, वी हॅड स्टॉप्ड द डिस्पॅच.’ तुम्हाला म्हणायचं होतं की तक्रार आली आणि लगेच आम्ही माल रोखला. कस्टमर वाचेल ते असं की तक्रार येण्याआधीच यांनी माल रोखलेला होता, म्हणजे यांना दोष आधीच माहीत होता आणि आम्हाला कळवलं नाही. हा ‘हॅड’ साहेबांनी खोडला ते उत्तम केलं. जास्तीचा ‘हॅड’ निरुपद्रवी असतो असं समजू नका, कधीकधी तो न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन बसतो.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून त्यावरही बोलते. मराठीमुळे इथे गडबड होते हे खरं, पण ती कॉन्व्हेंटात शिकलेल्यांचीही होते. गंगापूर रोडच्या कुठल्याही कॅफेत कान द्या, फाडफाड इंग्रजीत ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू पुणे’ ऐकू येईल. मागे ‘काल मी पुण्याला गेले होते’ हेच आहे. आपल्या ‘गेले होते’मध्ये जाऊन परत आले, ती गोष्ट तिथेच संपली, असा भाव असतो. त्याला दुसऱ्या गोष्टीचा टेकू लागत नाही. इंग्रजीत नुसतं ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, की गेली होतीस आणि मग काय झालं? आपल्याकडे सगळेच तसं बोलतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. परदेशातला कस्टमर मात्र अडखळतो. शाळेत ‘गेले होते’ म्हणजे पूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट, अशी गाठ मारून देतात, ती इथे नडते. (दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मराठीचा अभ्यास बराचसा इंग्रजीच्या चौकटीत चालत आलाय. त्या चौकटीचे उपकार मोठे आहेत, पण सगळे कोपरे जुळत नाहीत.)

पण हीच मराठी जोडवाक्यात तुमच्या बाजूने उभी राहते. ‘तो आला तेव्हा मी जेवले’ आणि ‘तो आला तेव्हा मी जेवले होते’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही, तरी तुम्ही कधी चुकत नाही. पहिल्यात पाहुणा आल्यावर पान वाढलं, दुसऱ्यात तुमचं आटोपलं होतं. ‘व्हेन’चं वाक्य अडलं की ते मनात मराठीत म्हणा. ‘तेव्हा’ असलेल्या वाक्यात ‘होता, होती, होते’ काढल्यावर अर्थ बिघडत असेल तर इंग्रजीतही ‘हॅड’ ठेवा. ‘हाक मारली तेव्हा इन्स्पेक्टर गेला’ आणि ‘गेला होता’, लगेच कळतं की नाही? सुट्या वाक्यात मात्र ही युक्ती वापरू नका, ‘काल पुण्याला गेले होते’ तिथे फसवतं.

‘सेड दॅट’, ‘टोल्ड’, ‘फाउंड दॅट’, ‘नोटिस्ड दॅट’ नंतरच्या वाक्यातही ही मराठीची युक्ती चालत नाही, आणि ही जागा आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. आपण सुट्या वाक्यात ‘हॅड’ उधळतो आणि इथे मात्र विसरतो. कारण मराठीत आपण समोरच्याचं बोलणं होतं तसं उचलून ठेवतो: ‘कूलंट संपलंय, असं ऑपरेटर म्हणाला.’ ‘बघितलं तर नट सैल झालाय.’ संपलंय, झालाय, सगळं वर्तमानकाळात. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागचं बहुधा एक पायरी मागे सरकतं: ‘द ऑपरेटर सेड दॅट द कूलंट हॅड रन आउट.’ ‘ही नोटिस्ड दॅट द नट हॅड कम लूज.’ तुमच्या तीन रिपोर्टमध्ये मला या ठिकाणी ‘हॅज’ दिसला. साहेबांना तो खटकला नाही, कारण ते फक्त ‘हॅड’ शोधत होते! अपवादही आहे. साल किंवा तारीख स्पष्ट असेल तर ‘ही टोल्ड मी दॅट ही जॉइन्ड इन २०१५’ चालतं. ‘टीचर सेड दॅट इंडिया बिकेम फ्री इन १९४७’ मध्ये काळ बदलत नाही असं शाळेत शिकलो, तो त्याचाच भाऊबंद.

साहेबांपुढे जायचं कसं? व्याकरण घेऊन जाऊ नका. मला वाटतं त्यांनाही सहा ‘हॅड’ वाचून कंटाळा आला असेल आणि त्यांनी सरसकट फतवा काढला असेल. रिपोर्ट सुटसुटीत हवा, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. सगळे ‘हॅड’ निमूट काढून टाकले तर भांडण मिटेल, पण एखाद दिवशी इन्स्पेक्टर तुमच्या टेबलाशी येऊन विचारेल, ‘मॅडम, मी कधी निघून गेलो?’ त्यापेक्षा पुढच्या रिपोर्टमध्ये जास्तीचे ‘हॅड’ आधी तुम्हीच काढा. एखादाच उरेल. त्यावर त्यांनी पेन टेकवलं तर घटनेचा प्रश्न विचारा: ‘सर, इन्स्पेक्टर हाक मारल्यावर गेला असं लिहायचं, की आधीच गेला होता असं?’ याचं उत्तर कुठलाही साहेब बरोबर देतो.

तरीही नाहीच म्हणाले, तर ‘हॅड’शिवाय दोन वाटा आहेत. एक, ‘द इन्स्पेक्टर वॉज ऑलरेडी इन द स्टोअर’. ‘ऑलरेडी’ने काम भागतं. दुसरी मला जास्त आवडते: सरळ घड्याळाची वेळ द्या. ७:०५ इन्स्पेक्टर स्टोअरला गेला, ७:१० फर्स्ट पीस तपासला, ७:१२ ऑपरेटरने हाक मारली. अशा तक्त्यात सगळीकडे साधा भूतकाळ पुरतो, आणि कस्टमरच्या इंजिनिअरलाही गोष्टीपेक्षा तक्ता वाचायला आवडतो. कॉम्प्युटर वाक्याखाली रेघ मारतो त्यावर मात्र भिस्त ठेवू नका. स्टोअरला कोण केव्हा गेलं हे त्याला माहीत नसतं.

क्लासचे पैसे वाचवा. बोलण्याचा सराव हवा असेल तर खुशाल लावा, पण या एका शब्दासाठी नको. त्याऐवजी तुमचे जुने रिपोर्ट काढा, प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवा आणि तो झाकून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला तर काढा, बदलला तर खरं घडलं ते सांगणारं वाक्य ठेवा. सोबत ‘सेड दॅट’ आणि ‘फाउंड दॅट’च्या पुढे काय लिहिलंय तेही बघून घ्या. शेजारच्या टेबलावरच्या ज्युनियरला घेऊन करा, त्याचंही भलं होईल.

एक जागा राहिली. रूट कॉजच्या, म्हणजे दोषाच्या मूळ कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिता, ‘इफ द इन्स्पेक्टर हॅड बीन प्रेझेंट, द लॉट वुड नॉट हॅव गॉन आउट.’ हे वाक्य अचूक आहे. पुष्कळ जण इथे ‘इफ ही वुड हॅव बीन’ लिहितात, तुम्ही लिहीत नाही. या ‘हॅड’चा आधी-नंतरशी संबंध नाही, इन्स्पेक्टर तिथे नव्हताच हे तो सांगतो. साहेबांनी तो खोडून ‘इफ द इन्स्पेक्टर वॉज प्रेझेंट’ केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की तो तिथे होता की नव्हता हे कंपनीला अजून ठाऊकच नाही. बाकी कुठे माघार घेतलीत तरी चालेल, या रकान्यातला ‘हॅड’ मात्र जाऊ देऊ नका.